चामड्याचं पाकीट : आधी काय, मग काय

बाबांचं पाकीट जुन्या नोटांच्या मापाचं आहे. २०१६च्या आधीची पाचशेची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर होती, आताची १५० बाय ६६ आहे. नोटा लहान झाल्या, बाबांचं पाकीट तेवढंच राहिलं आणि ते खिशातून डोकं वर काढतं. नवीन घ्या म्हटलं की एकच उत्तर, “याला काय झालंय?” मग मीच करायला घेतलं. पट्टा, किल्ल्यांची वादी असलं किरकोळ काम हाताखालून गेलं होतं. आत कप्पे असलेली वस्तू मात्र पहिलीच.

माप नोटेपेक्षा कार्डावरून काढावं लागतं. बँकेचं कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, जगभर सारखंच. दोन्ही बाजूंना मिळून चारेक मिलिमीटर सैल, शिवण कडेपासून तीन मिलिमीटर आत, म्हणजे मिटलेल्या पाकिटाची एक बाजू साधारण ९६ रुंद. उंची ९० धरली, नोट सहज बसते. सगळे तुकडे आधी जाड पुठ्ठ्यात कापले आणि चिकटपट्टीने जोडून खोटं पाकीट तयार केलं. घरच्यांना हा पोरखेळ वाटला. पण पुठ्ठा रद्दीतला असतो आणि चामडं चौरस फुटावर विकतात.

चामडं घ्यायला धारावीला गेले. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१मध्ये देवनारला गेला. पुढे धारावीतलं कातडी कमावण्याचं काम ओसरत गेलं, पण वस्तू बनवणारे तिथेच राहिले. कमावलेलं चामडं आता चेन्नई, कोलकाता, कानपूरहून येतं. काळा किल्ल्याच्या बाजूच्या गल्ल्यांत दुकानदार पूर्ण कातडं समोर पसरतो. अशा वेळी आधी पाठ कुठली आणि पोट कुठलं ते बघावं. पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं ओढलं की ताणतं. पोटाच्या भागातून कापलेला कप्पा काही महिन्यांत तोंड वासतो आणि कार्ड खाली पडायला लागतं. दुकानात कातड्याचा कोपरा दोन्ही दिशांनी ओढून बघितला तर कोणी हसत नाही. उलट, गिऱ्हाइकाला कळतंय असं समजून भाव जरा नीट सांगतात.

दुसरा प्रश्न, क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं घ्यायचं की झाडपाल्याने कमावलेलं. बाजारात बहुतेक माल क्रोमचा. तो मऊ, रंगीत आणि पाण्याला न घाबरणारा असतो. मला कडा घासून चकचकीत करायच्या होत्या आणि क्रोमची कड नुसत्या घासण्याने सहसा बसत नाही, तिला रंगच लावावा लागतो. म्हणून वनस्पतींनी कमावलेलं घेतलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. हे त्याच जातकुळीचं, पण पातळ. आतल्या कप्प्यांना तमिळनाडूकडचं बकऱ्याचं घेतलं. तिकडे तरवडाच्या सालीत कमावण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे माळावर पिवळ्या फुलांचा तरवड उभा असतो, तोच. बाहेरच्या भागाला म्हशीचं चामडं १.२ मिलिमीटर, आतलं ०.८. जाडी कमी करून देणारं मशीन त्याच गल्लीत आहे, त्यामुळे ते काम तिथेच उरकलं.

आता मुख्य गोष्ट. पाकिटात शिवण्यापेक्षा क्रम सांभाळणं अवघड आहे. कापडाची शिवण चुकली तर उसवता येते. चामड्याला पडलेलं भोक मात्र तसंच राहतं. शिवाय एकदा वरचा थर बसला की खाली हात पोचत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या त्या पाकिटावर मी पेनाने आकडे टाकले : हे आधी, हे नंतर.

पहिलं काम कप्प्यांच्या वरच्या कडा. पाकीट पूर्ण झाल्यावर या कडा आत दडतात, त्या सगळ्या आधीच घासून तयार ठेवायच्या. मग आतले लपलेले कप्पे. हे चौकोनी कापत नाहीत. वरून ९६ रुंद, पण साधारण दीड सेंटिमीटर खाली आलं की दोन्ही बाजूंनी आत घेऊन ८८ करतात, म्हणजे वर दोन कान उरतात. शिवणीत फक्त कान येतात, बाकीचा कप्पा मोकळा राहतो. सगळे कप्पे पूर्ण रुंद ठेवले तर कडेला थरावर थर चढतो आणि पाकीट बंदच होत नाही. अशा कप्प्याची फक्त तळाची एक ओळ मागच्या तुकड्याला शिवायची. त्याच्यावर थोडा खाली पुढचा कप्पा येतो आणि ती ओळ झाकून टाकतो. सगळ्यात पुढचा कप्पा तेवढा पूर्ण चौकोनी. मग घडीच्या बाजूची उभी शिवण, कारण बाहेरचं पान चिकटलं की तिथे सुई जात नाही. बाहेरचं पान सगळ्यात शेवटी.

जिथे कान येतात तिथली कड मागून तासून निमुळती करावी लागते. यासाठी परदेशी बनावटीच्या महागड्या सुऱ्या मिळतात. मी स्टेशनबाहेर बसणाऱ्या चांभारकाकांकडून रापी, म्हणजे चामडं तासायची सुरी, मागवून घेतली. काकांनी आधी तिला धार लावून दाखवली. दगडावर घासून झाल्यावर चामड्याच्या तुकड्यावर उलटी ओढायची, पात्याने केस कापला जाईपर्यंत. “ताई, जोर लावावा लागला तर समजा धार गेली,” एवढंच म्हणाले. घरी ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा होता, तोच माझा पाट. त्याच्यावर चामडं उलटं ठेवून रापी जवळजवळ आडवी धरली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ सालं निघतात.

चिकटवायला सोल्यूशन. दोन्ही पृष्ठभागांवर लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच जोडायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून कोपऱ्यावर कोपरा आधी जुळवावा. चामड्याची गुळगुळीत बाजू सोल्यूशन धरत नाही. तिथे कडेची पट्टी पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी.

घडीचं गणित मला सगळ्यात आवडलं. पाकीट मिटलं की बाहेरचं पान आतल्यापेक्षा मोठं वळण घेतं. दोन पानांत दोन मिलिमीटर अंतर असेल तर फरक येतो साधारण सहा मिलिमीटरचा, म्हणजे दोन गुणिले पाय. म्हणून दोन बाजू आणि मधली घडीची जागा धरून आतला भाग २०२ कापला आणि बाहेरचा २०८. अर्धी बाजू सपाट ठेवून चिकटवायची आणि उरलेली अर्धी पाकीट मिटलेलं असताना. दोन्ही सारखे कापले तर बंद पाकीट स्प्रिंगसारखं उघडतं. दुकानातल्या स्वस्त पाकिटांचं हेच होतं.

भोकं चिकटवल्यानंतरच, चार मिलिमीटरच्या अंतराने. चार दातांचं ओजार कडप्प्यावर ठेवून हातोडीने ठोकायचं, मध्ये जाड रबर. आधीचं शेवटचं भोक पुढच्या वेळी पहिल्या दातात घ्यायचं, म्हणजे ओळ सरळ राहते. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, शिवणीच्या चौपट लांब. घडीपाशी खालची शिवण थांबवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिवल्या. एका बाजूची शिवण १८६ मिलिमीटर, म्हणजे पाऊण मीटर दोरा.

दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन बोथट सुया. पाकीट गुडघ्यात धरलेल्या लाकडी चिमट्यात. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. कुठली सुई आधी आणि दुसरी तिच्या वरून की खालून, हे पहिल्या भोकात ठरतं आणि शेवटपर्यंत तसंच ठेवावं लागतं. तरच टाके एका तिरक्या रेषेत पडतात. काकांना हे पटलं नाही. त्यांच्या आकड्याच्या आरीने एकाच बाजूने दोरा खालून वर ओढला की झालं. “दोन सुया कशाला?” चपलेला त्यांचंच बरोबर आहे, वेगही तसाच. पाकीट मात्र दोन्ही बाजूंनी दिसतं. आणि मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे ढिले पडत जातात. इथे प्रत्येक भोकात दोऱ्याचे दोन्ही पदर आहेत, एक गेला तरी दुसरा धरून राहतो. शेवटी तीन भोकं उलट शिवायची, दोरा कापायचा, टोक लायटरने विरघळवून दाबायचं.

कडांनी बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला. पॉलिश पेपर आधी खरखरीत २४० नंबरचा, मग ४००, मग बारीक ८००. किराणा दुकानातला कतिरा डिंक रात्रभर भिजवून त्याचा बुळबुळीत रस कडेला लावायचा आणि जाड कॅनव्हासने कड गरम होईपर्यंत घासायची. आधी सगळे थर वेगवेगळे दिसतात. घासता घासता एका क्षणी रेषा नाहीशा होतात आणि कड एकाच जाड चामड्याची वाटते. त्यावर मधमाशीचं मेण. बाबांनी पाकीट हातात घेऊन बोट फिरवलं ते याच कडेवर. टाक्यांकडे बघितलंही नाही, ज्यांच्यासाठी मी मान मोडून घेतली होती.

वनस्पतींनी कमावलेलं चामडं घ्यायचं तर पावसाळ्याचं सांगितलं पाहिजे. आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत त्यावर बुरशी येते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं हा त्यावर सगळ्यात वाईट उपाय. ते उघड्यावर, वारा लागेल असं ठेवावं. ओलं झालं तर सावलीत वाळवावं आणि मग तेलाचा अगदी हलका हात. ओल्या चामड्यावर लोखंडी किल्ली, कात्री ठेवू नये. सालीतला तुरटपणा आणि लोखंड मिळून काळा-निळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंडाची शाई पूर्वी अशीच करत. ताज्या डागावर लिंबाचा रस लावला तर तो बराच फिका होतो, पण आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर लावून बघा, कारण लिंबाने चामड्याचा मूळ रंगही थोडा बदलतो.