टायमिंग: हँड सुटला, आता स्टारची पाळी

माझ्या रिव्हॉल्वरचा सिलिंडर वेळेवर जागेवर येत नाही. त्यासाठी मागच्या वेळी म्हटलेला रुंद हँड (सिलिंडरला ढकलून फिरवणारा भाग) आलाय, पण बहुतेक पाकिटातच राहणार.

तक्रार तीच: डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरनेच हॅमर मागे नेताना, ट्रिगर सावकाश ओढला, सिलिंडरवर अंगठ्याचा हलका ब्रेक ठेवला, की २ आणि ५ नंबरच्या चेंबरवर सिलिंडर स्टॉप (सिलिंडर अडवणारा खटका) खाचेत पडायच्या आधीच हॅमर सुटतो. झटक्यात ओढला तर सिलिंडर स्वतःच्या वेगाने पोचतो आणि सगळं झकास वाटतं. म्हणून झटपट केलेल्या टेस्टवर माझा काडीचा विश्वास नाही.

हँड झिजला असता तर सहाही चेंबर कमी-जास्त मागे पडले असते. इथे दोनच. सिलिंडर बाहेर काढून स्टार (सिलिंडरच्या मागची, पुंगळ्या बाहेर काढणारी चकती; हँड हिच्याच रॅचेटच्या दातांना ढकलतो) बोटाने हलवला, तर तो जागच्या जागी डुलतोय! म्हणजे हँड आधी स्टारला फिरवतो, मग सिलिंडर हलतो. ज्या चेंबरचे रॅचेटचे दात धड आहेत त्यांना ही ढिलाई पचते, बाकीचे उघडे पडतात. मग सहाही चेंबरमध्ये झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरल्या. पुंगळ्यांनी स्टार दोन्हीकडून धरला आणि २ नंबर एकदम वेळेवर! स्टॉपची टिक आधी, हॅमर नंतर. किती वेळ नुसता तो आवाज ऐकत बसलो.

५ मात्र अजून केसभर मागे.

एंड शेकचा, म्हणजे सिलिंडर पुढेमागे हलण्याचा प्रश्न नाही: सिलिंडर मागे दाबून बॅरलपर्यंतची गॅप ६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), पुढे दाबून ४. आतले भाग झाकणारी साइड प्लेटही ओरखडा न पडता निघाली. ग्रिप फ्रेमवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करायची, पट्टी घालून उचकटायची नाही. आणि हॉलो ग्राउंड, म्हणजे टोकाच्या बाजू समांतर असलेले, बिट्स घ्याच. निमुळत्या टोकाचे साधे ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेतून वर चढतात.

एका ५ साठी रुंद हँड घातला तर बाकीच्या चेंबरवर लॉक झाल्यानंतरही तो रेटत राहणार, ट्रिगर जड होणार. म्हणून नवा स्टार मागवून प्रत्येक दात फिट करायचा बेत होता. पण लिहिता लिहिता सुचलं, ५ ची खाचच ठोकरून तिच्या कडेला बर (धातूचा उंचवटा) आला असेल तर? उठून बघितलं. हॅमर पडल्यावर सिलिंडर हाताने किंचित पुढे फिरवला की स्टॉप स्वच्छ पडतो. खाच ठीक, कॅरी-अपच (सिलिंडर पूर्ण फिरवून जागेवर आणणं) कमी.

तरी स्टारच्या आधी त्याला सिलिंडरवर जागेवर धरणाऱ्या लोकेटिंग पिना बदलून बघतो. ढिलाई तिथलीच असावी. नवा स्टार ५ च्या दातासाठी लागेलच, पण ढिल्या पिनांवर तो फिट करण्यात अर्थ नाही. तोवर या रिव्हॉल्वरमध्ये जिवंत काडतूस जाणार नाही.