झेंडूच्या पहिल्या कळीसाठी 87 दिवस

झेंडू कुणालाही येतो म्हणतात. मग माझ्या झाडांना 87 दिवस एकही कळी का धरली नाही, हे मात्र कुणी सांगेना. शेवटी जे कळलं ते लिहून ठेवतेय.

उगवणीत काहीच अडलं नाही. पाचव्या दिवशी रोपं वर आली, पुढे मोठ्या कुंड्यांत लावली. झाडं नुसती फोफावली. कमरेएवढी उंची, अंगठ्याएवढं खोड, गडद हिरवी पानं. हात लागला की तो उग्र वास बराच वेळ बोटांना राहायचा. फूल मात्र नाही.

पाकिटावर 'फुलं 45 ते 50 दिवसांत' असं छापलेलं. साठावा दिवस गेला, सत्तरावा आला. मी रोज सकाळी एकेक शेंडा बोटांनी उलगडून बघायचे. आत पुन्हा पानंच. जो तो म्हणे, खत कमी पडतंय. म्हणून दर आठवड्याला युरियाचं पाणी घालत होते आणि नेमकं तेच नडलं. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झेंडू पाल्यावर जातो, फुलं लांबतात.

दुसरं कारण तर मला माहीतच नव्हतं. माझा झेंडू आफ्रिकन, म्हणजे उंच वाढणारा, मोठ्या गोंड्यांचा. दिवस लहान होऊ लागले की तो लवकर कळ्या धरतो, मोठ्या दिवसांत रेंगाळतो. मी पेरला ऐन मोठ्या दिवसांत! बुटका फ्रेंच झेंडू दिवसाच्या लांबीचं फारसं मनावर घेत नाही, दीड-दोन महिन्यांत फुलतो. (नावं काही असोत, दोघेही मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे.) पाकिटावर चित्र आफ्रिकनचं, दिवस फ्रेंचचे आणि नाव नुसतं 'झेंडू'. जात कोणती, एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती? याचा राग अजून गेलेला नाही.

सत्तराव्या दिवशी युरिया बंद केला. कुंड्या भिंतीच्या सावलीतून काढून दिवसभर ऊन लागेल अशा ठेवल्या. किमान सहा तास ऊन हवंच. 87व्या दिवशी शेंड्याच्या पानांत बोटाला काहीतरी टणक लागलं. मण्याएवढी हिरवी कळी, अंगावर बारीक शिरा. मी ओरडूनच घरातल्यांना बोलावलं.

हो, शेंडा खुडायचं राहिलंच सांगायचं. रोप वीतभर असतानाच खुडा, फांद्या फुटतात. कळीची वाट बघून कंटाळलात म्हणून उशिरा खुडू नका, फुलं आणखी लांबतात. मी कात्री हातात घेतली होती, थोडक्यात वाचले. पाणी बुडाशीच घाला. भरगच्च गोंड्यात पाणी साचलं की तो आतून कुजतो. सुकलेलं फूल खालच्या हिरव्या पेल्यासकट काढा, नुसत्या पाकळ्या ओढल्या तर बी आत राहतं आणि झाडाचा जोर त्यातच जातो.

बी धरायचं असेल तर संकरित वाणाचं धरू नका, पुढची झाडं तशीच निघत नाहीत. माझा वाण साधा होता. झाड हंगामापुरतंच, आता वाळत चाललंय. दोन गोंडे मुद्दाम ठेवलेत. काल एक सोलला, तर काळ्या काड्यांसारखं बी तळहातावर पडलं. पुडीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: आफ्रिकन, उंच, दिवस लहान होताना फुलतो.