टिटागढचे हातमाग

सियालदाहून लोकल पकडली तेव्हा मैत्रिणीने विचारलं, "मदर हाउस काल बघून झालं ना, मग आता टिटागढला काय आहे?" मला साडी विणताना बघायची होती.

काल आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवरच्या मदर हाउसमध्ये, म्हणजे मदर तेरेसांच्या संस्थेच्या मुख्यालयात, त्यांच्या समाधीपुढे हात जोडले. पण पाय खिळले ते जिन्यावरच्या एका खोलीच्या दारात. मदर तेरेसांची खोली. अरुंद खाट, एक टेबल, एवढंच. बरोबर खाली स्वयंपाकघर, म्हणजे कोलकात्याच्या उन्हाळ्यात ती खोली किती तापत असेल! तरी त्यांनी पंखा लावू दिला नाही. खालच्या संग्रहात त्यांची साडी आहे, निळ्या काठाची, पांढरी, सुती. ती बघितली आणि टिटागढला जायचंच, असं ठरवलं.

आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येमध्ये जन्मलेली ही बाई १९२९ साली भारतात आली आणि पुढे कोलकात्यातल्या एन्टालीच्या शाळेत शिकवू लागली. १९४८ साली लोरेटो या जोगिणींच्या संघाचा झगा उतरवून त्यांनी ही स्वस्तातली साडी नेसली. पाटण्याला जाऊन शुश्रूषेचं शिक्षण घेतलं आणि कोलकात्याला परतून मोतीझीलच्या झोपडपट्टीत शिरल्या. फळा नव्हता, म्हणून काडीने जमिनीवर अक्षरं गिरवून मुलांना शिकवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये कालीघाटच्या मंदिराशेजारी, यात्रेकरूंच्या जुन्या धर्मशाळेत 'निर्मल हृदय' उभं राहिलं. रस्त्यावर मरायला टाकलेली माणसं तिथे आणायची, धुवायची, भरवायची. तिथल्या वैद्यकीय सोयींवर पुढे बरीच टीका झाली. ती मी वाचली आहे आणि तिच्यातले काही प्रश्न मला रास्त वाटतात. पण ज्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं, त्याला आधी हात लावला तो या बाईने. माझ्या लेखी ही गोष्ट फार मोठी आहे.

टिटागढचं 'गांधीजी प्रेम निवास' हे त्यांच्या संस्थेचं कुष्ठरोग्यांसाठीचं केंद्र रुळांच्या अगदी कडेला आहे. कुष्ठरोग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आनंदवन येतं. इथेही तसंच, रोगी म्हणून आलेली माणसं कामाला लागलेली. आत पाऊल टाकलं आणि खटखट, खटखट, मागांचा आवाज. संस्थेच्या जगभरातल्या सिस्टर ज्या साड्या नेसतात, त्या इथे विणल्या जातात.

एका मागावर साठीचे एक काका बसले होते. उजव्या हाताची बोटं पेरापर्यंतच उरलेली. तळहाताच्या कडेने ते दोरी ओढत, धोटा सरकन पलीकडे जाई. काठाशी आले की वेग कमी होई. निळ्या पट्ट्या तीन, दोन बारीक आणि एक रुंद. धागा तुटला, तेव्हा त्यांनी वाकून दातांनी टोक धरलं आणि गाठ मारली. मी न राहवून पुढे झाले, तर मानेनेच म्हणाले, नको.

"काका, ही साडी कुठे जाणार?"

"जिथे सिस्टर असेल तिथे," ते हिंदीत म्हणाले आणि गाठीवरून अंगठा फिरवून बघितला. गाठ हाताला लागत होती. त्यांनी ती सोडवली आणि पुन्हा मारली.