हिवाळ्यात वाजणारा, उन्हाळ्यात मुका टायमर

मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदार मामांनी मे महिन्यात टायमरचा डबा दुकानात आणून ठेवला. "हरभऱ्याच्या ओलिताले वाजे, आता काऊन वाजून नाही राह्यला?"

काम एवढंच: रात्री थ्री फेज आली, मोटर सुरू झाली की दोन तास मोजायचे आणि हूटर वाजवायचा, म्हणजे माणूस उठून दांड (पाण्याचा पाट) फोडतो आणि पाणी पुढच्या ओळीला देतो. शहाणे लोक सांगतात, मोबाईलला गजर लावा. लाइट साडेदहाला येणार की पाऊणला, आणि मधे किती वेळा जाणार, हे मोबाईलला कोण सांगणार?

डब्यात 555 ही टायमरची आयसी (चिप) होती. 1972 साली बाजारात आलेली ही आयसी सेकंदांसाठी, फार तर काही मिनिटांसाठी उत्तम. बनवणाऱ्याने सूत्र बरोबर लावलं होतं: वेळ = 1.1 × आर × सी (आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कंडेन्सर). 6.8 मेगाओहम आणि 1000 मायक्रोफॅरड म्हणजे 7480 सेकंद, दोन तासांपेक्षा थोडंसं जास्त. कागदावर चोख. पण 12 व्होल्टवर हूटर वाजायला कंडेन्सर 8 व्होल्टपर्यंत चढावा लागतो. तिथं पोचता पोचता रेझिस्टरवर चारच व्होल्ट उरतात, म्हणजे त्यातून जेमतेम 0.6 मायक्रोअँपिअर करंट येतो. 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टच्या साध्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरला कंपनीच्या कागदावर 250 मायक्रोअँपिअरपर्यंत गळती माफ असते! चांगला नग त्याहून पुष्कळ कमी गळतो म्हणूनच हा डबा हिवाळ्यात वाजत होता. ऊन वाढलं की गळती वाढते; जेवढं भरतं तेवढंच झिरपतं आणि कंडेन्सर सात-साडेसात व्होल्टवर अडून बसतो. कूलरसमोर ठेवला तर डबा उशिरा का होईना वाजला. 60 वॅटच्या बल्बखाली वाजलाच नाही.

कंडेन्सर चढतोय का, हे बघायला मीटर लावून बसाल तर चांगला टायमरही बंद पडेल. डिजिटल मीटर स्वतःच 10 मेगाओहमचा असतो, 6.8 च्या जोडीला तो आला की व्होल्टेज 7.14 च्या वर जातच नाही. असले आराखडे एकाचे बघून दुसरा छापतो, दोन तास वाट बघून तपासायची तसदी कोणी घेत नाही.

555 काढून सीडी 4060 घातली. हिच्यात ऑसिलेटर (ठोके देणारा) आणि 14 टप्प्यांचा काउंटर (ते मोजणारा) एकत्र असतो. छोटे ठोके मोजत जायचे, म्हणजे कंडेन्सर लहान चालतो. पिन 3 वर 8192 ठोक्यांनी व्होल्टेज येतं. दोन तासांसाठी एक ठोका 0.88 सेकंदाचा हवा. ठोक्याचं सूत्र 2.3 × आर × सी. इथं इलेक्ट्रोलायटिक चालत नाही, आणि एक मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर तालुक्याला मागितला तर तीन दुकानं फिरवतात. म्हणून सरळ सीलिंग फॅनचा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला. आकाराने मोठा आहे, पण गळत नाही आणि कुठल्याही गावात मिळतो. तो पिन 9 ला, पिन 10 ला 120 के (किलोओहम) चा रेझिस्टर आणि सिरीजमध्ये 47 के चा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), पिन 11 ला 470 के. तिघांची दुसरी टोकं एकत्र. पिन 16 प्लस, 8 मायनस, आणि त्या दोघींमध्ये अगदी आयसीजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा डिस्क कंडेन्सर.

पिन 12 रिसेटची. तिला मायनसला 100 के, प्लसला 0.1 मायक्रोफॅरड, आणि त्या 0.1 ला समांतर पुशबटण. ही पिन मोकळी सोडली की टायमर मनाला येईल तेव्हा शून्यावर जातो. पिन 3 वरून 10 के मार्गे टीआयपी 122 ट्रान्झिस्टरच्या बेसला, कलेक्टरवर हूटर. पिन 3 वरून पिन 11 कडे 1एन4148 डायोड, पट्टी 11 कडे. हा नसला तर दोन तास वाजून हूटर आपोआप गप्प होतो आणि मोजणी पुन्हा सुरू.

जुळवणीसाठी दोन तास बसायची गरज नाही. पिन 7 चा वेग पिन 3 च्या 1024 पट असतो. तिथं 4.7 के घालून एलईडी लावा आणि सात सेकंद चालू, सात सेकंद बंद होईपर्यंत प्रीसेट फिरवा. बारीक जुळवायचं तर दहा पूर्ण फेऱ्यांना 140.6 सेकंद लागले पाहिजेत.

लाइट गेली की मोजणी जागच्या जागी थांबायला हवी होती. डबा फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवर ठेवला. पिन 11 वरून आणखी एक 4148, पट्टी बाहेरच्या बाजूला. त्या टोकाला 10 के मायनसला, आणि बॅटरीचा प्लस स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवरच्या सुट्या एनओ (एरवी उघडा, मोटर चालू झाली की जुळणारा) कॉन्टॅक्टमधून. मोटर चालू असली की मोजणी चालू, कॉन्टॅक्टर सुटला की थांबते, ऑटो स्टार्टरने उचलला की पुढे. सुटा कॉन्टॅक्ट नसेल तर वेगळा बसवा, पण 230 व्होल्टचा अडॅप्टर दोन फेजवर जोडू नका. तिथं 415 व्होल्ट असतात. असे जळालेले अडॅप्टर दुकानात नेहमी येतात. आणि स्टार्टरला हात लावण्याआधी मेन स्विच खाली पाडा, लाइट गेलेली असली तरी. ती कधी येईल याचा भरवसा नाही.

वाजायचं ते आता वाजतं. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी: लाइट तासभर गेली की दांड कोरडा पडतो आणि मोटर सुरू झाल्यावर पहिलं पाणी दांडच पितो. टायमर मोटरचे तास मोजतो, झाडाला पोचलेलं पाणी नाही. मामा म्हणतात, तेवढी दहा-पंधरा मिनिटं वाढवून द्या. आयसी तीच ठेवून ते कसं करायचं, हे अजून जमलेलं नाही. तोवर त्यांना सांगितलंय, लाइट जास्त वेळ गेली असेल तर हूटर बटणाने बंद करा आणि दांड दहा मिनिटांनी फोडा.