गावातल्याच मुलींना हॉस्टेल

कॉलेजच्या हॉस्टेल विभागातल्या बाईंचा फोन आला, तोच वैतागलेला. "मॅडम, तुमची यादी तपासा. कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या मुलीलासुद्धा हॉस्टेल हवंय म्हणे!"

प्रवेशअर्जाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कुणी लिहिलेलं, देखभाल आमच्याकडे आलेली. पायथॉन भाषेतली फ्लास्क ही वेब-चौकट आणि पानांचे साचे भरणारं जिंजा. डेटाबेसमध्ये बघितलं तर त्या मुलीपुढे खरंच 'हो' होतं. मुली म्हणत होत्या, आम्ही टिक केलंच नाही. बाईंचा विश्वास बसेना. माझा बसला, कारण लॉगमध्ये या सगळ्यांचं एक साम्य दिसत होतं: अर्ज भरून झाल्यावर प्रत्येकीने दुरुस्तीचं पान उघडलं होतं. कुणी फोटो बदलायला, कुणी आयएफएससी कोड. एकदाच भरून मोकळ्या झालेल्यांचे अर्ज बरोबर होते.

त्या पानाचा टेम्प्लेट, म्हणजे साचा, उघडला. चेकबॉक्सला चेक्ड हा अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म) कायमचा लिहिलेला, आणि त्याच्या अवतरणात डेटाबेसमधली व्हॅल्यू थेट ओतलेली. 'नको' असेल तर पायथॉनचा फॉल्स येणार, जिंजा इमानेइतबारे त्याची अक्षरं करणार, आणि पानावर छापलं जाणार चेक्ड बरोबर 'फॉल्स'. वाचणाऱ्याला वाटेल, टिक नाही. ब्राउझर मात्र अवतरणात काय आहे याची पर्वाच करत नाही. चेक्ड टॅगमध्ये आहे ना, मग टिक. अवतरण रिकामं ठेवलं तरी टिक. एचटीएमएलच्या नियमांनुसार अशा बूलियन, म्हणजे फक्त असण्या-नसण्याने अर्थ देणाऱ्या, अ‍ॅट्रिब्यूटला ट्रू किंवा फॉल्स लिहिणंच अवैध आहे. नकार द्यायचा तर अ‍ॅट्रिब्यूट लिहायचाच नाही. फोटो पानाच्या वरच्या भागात, हॉस्टेलचा प्रश्न पार खाली. तिथे कोण कशाला बघतंय! दुरुस्ती जतन केली की ते टिकही सोबत जायचं.

अख्खा अ‍ॅट्रिब्यूट जिंजाच्या इफ आणि एन्डइफ या अटीच्या आत घेतला, काम झालं. लाराव्हेल या पीएचपी चौकटीच्या ब्लेड टेम्प्लेटमध्ये २०२२पासून यासाठी तयार चेक्ड डिरेक्टिव्ह (सूचना) आहे, मायक्रोसॉफ्टच्या रेझर टेम्प्लेटमध्ये तर फॉल्स आला की अ‍ॅट्रिब्यूट आपोआप गळतो. जिंजाचा एक्सएमएलअ‍ॅटर फिल्टर 'नन' ही पायथॉनची रिकामी व्हॅल्यू गाळतो, पण फॉल्स जसाच्या तसा छापतो, म्हणून तो इथे निरुपयोगी.

टीममधल्या नव्या मुलाला मग हुरूप आला. एक मॅक्रो, म्हणजे टेम्प्लेटमध्ये पुन्हापुन्हा वापरता येणारा तुकडा, लिहू, फॉल्स दिसला की कुठलाही अ‍ॅट्रिब्यूट उडवू! थांबवावं लागलं त्याला. त्याच पानावर उघडमीट होणारे विभाग होते, त्यांच्या बटणांवर एरिया-एक्स्पांडेड हा अ‍ॅट्रिब्यूट. तिथे 'फॉल्स' अक्षरात लिहिलेलाच हवा, तरच अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर 'विभाग मिटलेला आहे' असं सांगतो. स्पेलचेक, ड्रॅगेबल या अ‍ॅट्रिब्यूटचंही तसंच. शेवटी मॅक्रोत बूलियन अ‍ॅट्रिब्यूटची नावं मोजून लिहिली आणि नियम तेवढ्यांपुरताच ठेवला.

बिघडलेल्या नोंदींचा प्रश्न उरलाच. कुणी दुरुस्ती करताना खरोखर मन बदललं आणि कुणाचं टिक आमच्या पानाने केलं, हे डेटाबेस सांगू शकत नव्हता. सरसकट 'नाही' करावं, तर खेड्यातून येणारी एखादी मुलगी जागेला मुकायची. दुरुस्तीनंतर 'हो' झालेल्या सगळ्यांना मेसेज गेला. उत्तर न देणाऱ्यांना बाईंनी स्वतः फोन लावले.

फोन उरकल्यावर त्यांनी मला बजावलं, "पुढच्या वर्षी ते टिक नको. हवंय आणि नकोय, दोन्ही स्पष्ट लिहा." मागणी रास्त होती. टिक नसलेला चेकबॉक्स फॉर्मसोबत सर्व्हरला काहीच पाठवत नाही, त्यामुळे नकार आणि न दिलेलं उत्तर सारखंच दिसतं. दोन रेडिओ बटणं दिली. त्यांनाही चेक्ड लागतंच, म्हणून तिथेही इफ घातलं.