आधी फळ आण

कच्छच्या अबडासा तालुक्यात पवनचक्क्यांच्या नियोजित जागेवर वनस्पतींची नोंद करायला गेले होते. पावसाळा उलटून गेला होता. गांडा बावळ (आपली वेडी बाभूळ) आणि थोर सोडले तर हिरवं म्हणावं असं थोडंच उरलं होतं. कोरड्या ओढ्याच्या काठाला पुरुषभर उंचीचं एक करडं झुडूप दिसलं. हृदयाकृती मखमली पानं, मिटलेल्या पिवळ्या कळ्या. सोबतच्या मुलाने फोनवर फोटो काढला, ॲपने 'अब्युटिलॉन इंडिकम' सांगितलं. म्हणजे आपली पेटारी. तो तक्त्यात लिहिणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब, आधी फळ आण."

कुळाबद्दल वाद नव्हताच. कळी उकलली तर पुंकेसर एकाच नळीत जुळलेले, पानांवर तारकाकृती लव, भेंडी-कापसाचं कुळ. जास्वंदीच्या फुलाखाली असते तशी हिरव्या दलांची जादा झालर नव्हती, म्हणून हिबिस्कस आणि पॅव्होनिया बाद. चिकणा-बलेच्या सिडा वंशात फळाच्या एका कप्प्यात एकच बी असते, इथे दोन-तीन निघत होत्या.

आता कप्पे. पेटारीचं फळ गाडीच्या चाकासारखं, साधारण १५ ते २० कप्प्यांचं, आणि कप्प्याच्या टोकाला बारीकशी चोच. मुलाने मोजले: २८. "पुन्हा मोज." २८च. चोच कुठेच नाही, टोकं बोथट, गोलसर. देठावरून बोट फिरवलं. लांब केस नाहीत, चिकटा नाही. म्हणजे तिची केसाळ बहीण 'अब्युटिलॉन हिर्टम'ही नव्हे. उरलं 'अब्युटिलॉन पॅनोसम'.

मुलाला फूल बघितल्याशिवाय पटेना. शेळ्या घेऊन आलेला मालधारी आमची खटपट बघत उभा होता. त्याच्या लेखी ती नुसती खपाट, पेटारीसारख्या झुडपांचं तिकडचं नाव. "सांजे खूलशे, बेन," एवढं सांगून तो पुढे गेला. त्याचं खरं होतं, ही फुलं दुपार कलल्यावरच उमलतात. उन्हं उतरताना पाकळ्या उघडल्या, मधोमध गडद जांभळा डोळा. मुलगा खूश, "आता नक्की!" मी म्हटलं, फुलावरून पेटारी गेली; पण हिर्टमच्या फुलातही असाच गडद डोळा असतो. ते भांडण देठाने आणि फळाने आधीच मिटवलं होतं. फोटोवर विसंबणारे नेमके इथेच फसतात.

कंपनीचे इंजिनीअर गाडीपाशी कंटाळले होते. "मॅडम, दुर्मीळ आहे का?"

"नाही."

"मग नावाने काय फरक पडतो?"

त्यांच्या पवनचक्कीला काहीच नाही. पण आधी कुणीतरी केलेल्या यादीत या पट्ट्यातलं प्रत्येक पिवळं अब्युटिलॉन 'इंडिकम' म्हणून लिहिलेलं होतं आणि एकाही नोंदीला फळाचा नमुना जोडलेला नव्हता. त्या सगळ्या जागा आता पुन्हा फिरायच्या होत्या, आणि गाडी त्यांचीच लागणार होती.