उभा भोवरा

लेकीच्या कॅलिफोर्नियातल्या घरी दुपार मोठी असते. सगळे कामाला गेलेले, मी आणि खिडकी. खिडकीबाहेर तिने पाखरांसाठी साखरपाण्याचा लाल फीडर टांगलाय. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. रंग घालायचा नाही, अशी मला सक्त ताकीद.

परवा चहाचा कप टेकवते तोच अ‍ॅनाज हमिंगबर्ड आला. आला कसला, एकदम होताच तिथे! वजन चार-पाच ग्रॅम. चोच फीडरमध्ये, अंग हवेत स्थिर आणि पंखांच्या जागी नुसता धुरकट डाग. ते पंख सेकंदाला चाळीसेक वेळा हलतात म्हणे. मला एकदाही हललेले दिसले नाहीत. मग तो सरळ मागे सरकला. देवाला पाठ न दाखवता आजी गाभाऱ्यातून निघायची, तसा.

लहानपणी भाऊ जाळी गुंडाळून भोवरा फेकायचा आणि खाली पडायच्या आत तळहातावर झेलायचा. भोवरा हातावर उभा. "फिरत नाहीये हा," मी म्हणायचे. "मग बोट लाव." लावलं की चटका बसल्यासारखा हात मागे यायचा आणि भोवरा भेलकांडत पायरीखाली.

या पाखराचा गळा काळपट दिसतो. मान जराशी वळली, की गर्द गुलाबी पेटतो आणि लगेच विझतो. पिसांत तसा रंग नाहीच, त्यांच्या बारीक घडणीवर ऊन पडतं त्याची ही करामत. उडताना काळीज मिनिटाला हजारावर ठोके देतं. एवढी उधळपट्टी परवडणार कशी? म्हणून थंडीच्या रात्री हा सगळं आवरतं घेतो. अंग गार, ठोके शंभराच्याही खाली. कुणी उचललं तर मेलाच म्हणेल. पहाटे पुन्हा थरथरत अंग तापवायचं, तेव्हा कुठे उडता येतं.

रात्री जाग आली की मी उगाच पडदा सारून बघते. अंधारात दिसणार काय, कपाळ!

आणि एवढं मरणाच्या दारातून परत आल्यावर सकाळी पहिलं काम काय? दुसऱ्याला हाकलणं. फांदीवर दबा धरून बसतो, फीडरकडे कुणी फिरकलं की सुरीसारखा अंगावर जातो. मेक्सिकोतल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या युद्धदेवाच्या नावात हमिंगबर्ड आहे, ते काही उगाच नाही.

लेकीला दया आली. तिने बिचाऱ्या बाकीच्यांसाठी पलीकडे दुसरा फीडर टांगला.

आता तो दोन्ही राखतो.